बोलायले वेळ आहे का?

अख्ख्या नागपुरात, आणि माझं विचाराल तर कळमेश्वरापासून कन्हानपर्यंत, विचारल्याशिवाय कुणाच्या कानात अक्षर न घालणारी एकच बाई देवानं घडवली आणि ती नेमकी माझी थोरली नणंद करून पाठवली. नणंद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टोमणे येतात, मानपानाच्या साड्या येतात, भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार येते. आमच्या ताईंनी लग्न झाल्यापासून आजवर मला एक टोमणा मारलेला नाही. माझ्या मैत्रिणींना हे खरं वाटत नाही. पण टोमणा मारायच्या आधी ताईंना माझी परवानगी घ्यावी लागली असती, आणि ती मी मेले तरी दिली नसती. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला माझ्या हातची पुरणपोळी खाताना त्यांनी ताटातून मान वर केली आणि विचारलं, "ज्योती, पोळीबद्दल एक बोलू का वं?" मी नवी नवरी, धास्तावलेली. म्हटलं, "नका बोलू." त्या "बरं" म्हणाल्या आणि उरलेली पोळी मुकाट्यानं संपवली. ती पोळी त्यांना कशी लागली, हे मी पुढेही कधी विचारलं नाही.

ताई टेलिफोन खात्याच्या कायदा शाखेत होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून प्रतापनगरात दोन खोल्यांत एकट्या राहतात. दुपारी इतर बायका मालिका बघतात तशा त्या सरकारचे नवे नियम वाचत बसतात. जाहिरातीचा फोन कुणी, कुठल्या नंबरवरून करायचा, मेसेजच्या ॲपवर धंदा करायचा तर गिऱ्हाइकाची संमती कशी घ्यायची, आणि गिऱ्हाइकानं पुरे म्हटलं की धंदेवाल्यानं गुमान कसं थांबायचं. एखादं कलम चांगलं जमलेलं असलं तर पुन्हा एकदा मोठ्यानं वाचतात. बोलण्याच्या त्यांच्या दोन तऱ्हा आहेत. घरात आमच्यासारखंच, काहून, मले, तुले. पण कायद्याची गोष्ट निघाली की पाठ ताठ होते, चष्मा नाकावरून वर सरकतो आणि तोंडातून अशी छापील मराठी बाहेर पडते की समोरचा आपोआप उभा राहतो. आमचे हे, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ बंडू, केस पिकले तरी ताईंनी 'तुम्ही' म्हटलं की अजून हात मागे बांधतात.

त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "मी तुही नणंद बोलून राहिली. आता बोलायले वेळ आहे का?" मोबाईलवर नाव दिसतं, आवाज ओळखू येतो, तरी हे वाक्य चुकत नाही. आणि आपण नाही म्हटलं तर त्या खरोखर फोन ठेवतात. एका दुपारी असाच फोन आला. मी जेवायला बसले होते, म्हटलं, "ताई, जेवून करते." त्या म्हणाल्या, "जेव, जेव. घाई नाही." मी जेवले, ओटा आवरला, बडीशेप खाल्ली आणि मग निवांत फोन लावला. "काही नाही वं," ताई म्हणाल्या, "न्हाणीतला नळ तुटला. पानी पलंगापर्यंत आलं. बंडूले पाठवतं का?" आम्ही दोघं स्कूटर पिटाळत पोचलो तर बाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या आणि खाली त्यांच्या चपला दिवाणखान्याच्या दिशेनं निघालेल्या. हे चिडले. "अवं ताई, पहिलेच काहून नाही सांगितलं?" ताई शांतपणे म्हणाल्या, "ते जेवून राहिली होती न गा. मी विचारलं, ते नाही म्हणाली. नाही ऐकायचं नसन तर मंग विचारा कायले?" यावर आम्ही बादल्या घेतल्या आणि पाणी उपसलं.

घराण्याचा जो ग्रुप आहे, त्यात माझ्या चुलत दिरानं ताईंना मोठ्या हौसेनं घेतलं. चहा उकळायच्या आत त्यांचा मेसेज आला: "मला या समूहात घेताना माझी संमती विचारण्यात आली नव्हती. सबब बाहेर पडत आहे. राग नाही." दीर बिचारा हिरमुसला. त्यानं फोन करून विचारलं, ताई, तुम्हाला घेऊ का. ताई म्हणाल्या, विचार करून सांगते. मग एक-दोन दिवसांनी त्या ग्रुपमध्ये आल्या आणि कुणी कुठून तरी आलेला मधुमेहाचा रामबाण उपाय पाठवला की त्याखाली विचारू लागल्या, "हे आपल्याला कोणी पाठवले? त्यांना कोणी पाठवले?" ग्रुप इतका शांत झाला की मंडळींनी ताईंना वगळून दुसरा ग्रुप काढला. ताईंना ते ठाऊक आहे. मी एकदा चाचरत विषय काढला तर म्हणाल्या, "त्याइचा हक्क आहे. मले काहून वाईट वाटन?" आणि त्यांना वाईट वाटलेलं नव्हतंच, हे मी शपथेवर सांगते.

आता माझं थोडं सांगायला हवं. मी रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. लॅब नागपुरात, आणि रक्त गोळा करायचं एक केंद्र कळमेश्वरला. रिपोर्टवर सही करायला डॉक्टर येतात, गल्ल्यावर आमचे हे बसतात, आणि रिपोर्ट आताशा सगळीकडे जातात तसे मेसेजच्या ॲपवर जातात. एक दिवस ताईंनी विचारलं, "तुह्या लॅबचे मेसेज कसे जाते, ते पाहू का मी?" मी म्हटलं, पाहा ना. हो म्हणण्याआधी माणसानं दोन श्वास घ्यावेत, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिली कुऱ्हाड पडली ती गुलाबावर. आमचे हे लॅबच्या नंबरवरून झाडून सगळ्या पेशंटांना रोज पहाटे गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवायचे. त्यांच्या मते यानं गिऱ्हाईक टिकतं. कावीळ निघालेल्या माणसाला 'हसत राहा, जग सुंदर आहे'. एका बाईंनी उलट लिहिलं की दादा, माझे मिस्टर परवा वारले, तुमचा गुलाब थांबवा. पण गुलाब सगळ्यांना एकगठ्ठा जात होता, तो एकटीसाठी थांबवणार कसा? शेवटी लोकांनीच कंटाळून तक्रारी केल्या आणि एका सकाळी ॲपनं आमचा नंबरच बंद करून टाकला. रिपोर्ट अडकले, लोक दारात येऊन बसले, हे घामाघूम. ताईंनी छापील मराठीत आणि तितक्याच छापील इंग्रजीत माफीचे अर्ज करून नंबर सोडवून आणला आणि यांना समोर बसवून म्हणाल्या, "रुग्णाने क्रमांक अहवालासाठी दिला. तो अहवालासाठीच वापरायचा. तुम्हाला समजले का?" तेव्हापासून हे पहाटेचा गुलाब फक्त मला पाठवतात. मी अजून संमती दिलेली नाही.

दुसरी कुऱ्हाडही यांच्यावरच. यांच्या मामांच्या, म्हणजे मामाजींच्या, नातवाच्या लग्नात पंगत बसली होती, वाढपी गुलाबजाम घेऊन आला, आणि आमचे हे पंगतीच्या या टोकावरून त्या टोकाला म्हणाले, "मामाजीले देऊ नका गा, त्याइची शुगर लय वाढून राहिली. रिपोर्ट आपल्याकडेच आला." मामाजी पान अर्धं टाकून उठले. यांच्या पोटी प्रेमच होतं, पण मामाजींनी पुढे कितीतरी दिवस आमच्या घराची पायरी चढली नाही. ताईंनी लॅबमध्ये नियम केला, नातेवाइकाचा रिपोर्ट नातेवाइकानं उघडायचा नाही. घरचं कुणी तपासायला आलं की मी बाजूला होते आणि आमच्याकडची शुभांगी मशीन बघते, रिपोर्ट पाठवते आणि तोंडाला कुलूप लावते. माझ्या सख्ख्या जावेला थायरॉईड आहे हे मला तिच्या तोंडून कळलं, तेही संक्रांतीच्या वाणाला. माझीच लॅब आणि मलाच सगळ्यात शेवटी बातमी.

मग तो इंटरनेटवरून फोन लावायची यंत्रणा विकणारा तरुण आला. टाय, बॅग, केसांना तेल, आणि बोलणं तुफान मेलसारखं. "मॅडम, ये लगा लो. फोन इंटरनेटवरून जाणार, बिल आधं. आणि कॉल कुठूनही करा, समोरच्याला लॅबचाच नंबर दिसणार. पाहिजे तो नंबर दाखवू." मी तर भुललेच होते. ताई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आपणास एक प्रश्न विचारू का?" तो म्हणाला, बिलकुल. "पाहिजे तो क्रमांक दाखवून फोन करणाऱ्या चोराला यापेक्षा वेगळे काय लागते?" तो हसला आणि म्हणाला, मॅडम, हे तर टेक्नॉलॉजी आहे. मग ताईंनी त्याला समजावून सांगितलं. ॲपवरून ॲपवर आपसात बोलणं निराळं. पण इंटरनेटवरचा फोन साध्या फोनवर उतरवायचा तर तो परवाना असलेल्या कंपनीतूनच उतरवावा लागतो. मागल्या दारानं उतरवला तर वापरणाऱ्याची लॅबसुद्धा जाते. तो चहा न घेताच निघाला, तर ताई म्हणाल्या, "बस गा, चहा पिऊन जाय. चहाले परवाना लागत नाही." तो बसला, आणि आज तोच पोरगा परवाना असलेल्या कंपनीत लागलाय. नवीन करार आला की ताईंना विचारतो, "दीदी, बात करने का टाईम है क्या?"

पण खरा ताप होता तो फोन कुणाचा, याचा. आमच्याकडे खेड्यावरून येणाऱ्या घरांत फोन एकच असतो. सिम पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर, फोन बापाच्या खिशात, आणि रक्त सुनेचं. रिपोर्ट पाठवायचा कुणाला? मी आपली जो नंबर सांगितला त्यावर पाठवत होते. ताईंनी शुभांगीला एक प्रश्न पढवला: "हा फोन कोनापाशी रायते? त्यानं पाह्यलं तर चालते का?" एवढाच प्रश्न, पण तो विचारला की बाया थांबायच्या. कुणी म्हणायची, नको, मी येऊन घेऊन जाईन. कुणी म्हणायची, माह्या आईच्या फोनवर पाठवा. कळमेश्वरला आमच्या केंद्रापलीकडच्या चौकात चकचकीत लॅब उघडली होती, तिथे सुई टोचायच्या आधी रिपोर्ट यायचा म्हणे, आणि आमच्याकडे हे प्रश्नोत्तर. पेशंट तिकडे वळायला लागले. कळमेश्वरचं केंद्र बंद करावं लागेल अशी पाळी आली. तिथं काम करणाऱ्या दोघी मुलींना मी अजून काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं होतं.

अशात हिंगण्याच्या एका कारखान्याकडून बोलावणं आलं. सगळ्या कामगारांची दरवर्षी तपासणी, एकाच लॅबला काम. ते मिळालं तर कळमेश्वर वाचणार होतं, नाही मिळालं तर महिनाअखेरीला कुलूप. हे, मी आणि ताई, आम्ही तिघं गेलो. साहेब पुण्याकडचे, तरुण, अतिशय सभ्य. त्यांनी आमचे दर मान्य केले, चहा मागवला आणि म्हणाले, "एकच करा. सगळे रिपोर्ट आमच्या ग्रुपवर टाका. सुपरवायझर, ठेकेदार, कंपनीच्या बस बघणारे, सगळे आहेत त्यात. कोण फिट, कोण नाही, लगेच कळतं. आधीची लॅब तसंच करायची."

मी मान हलवणार, एवढ्यात चष्मा वर सरकल्याचं मला दिसलं. ताई म्हणाल्या, "आपल्याला आता ऐकायला वेळ आहे का?" साहेब म्हणाले, हो, बोला ना. "कामगाराच्या रक्तात काय आहे, ही त्याची स्वतःची माहिती आहे. ती कशासाठी घेतली हे त्याला सांगायचे, त्याची संमती घ्यायची आणि तेवढ्याच कामासाठी वापरायची. आता तर त्यासाठी नवा कायदाही आला आहे. माणूस कामाला योग्य आहे की नाही, एवढे कारखान्याला कळले पाहिजे. तेवढे आम्ही देऊ. बाकीचा अहवाल ज्याचा त्याला."

"मॅडम, ग्रुप तर आमचा खाजगीच आहे."

"ठेकेदार आणि बसवाले असलेला खाजगी समूह मी प्रथमच ऐकते आहे."

"पण इतकं कोण बघतं हो?"

"मी बघते," ताई म्हणाल्या.

साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि हसून म्हणाले, कळवतो. आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "ताई, तुहा कायदा जिंकला अन् तिची लॅब बुडाली." खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी ताईंचा भयंकर राग आला होता. या बाईला पेन्शन आहे, हिचं काय जातंय, असं मनात येऊन गेलं. हे गाडी काढायला गेले आणि आम्ही दोघी हिंगणा रोडवरच्या टपरीवर चहा घेत उभ्या राहिलो. कारखान्यांची पाळी सुटली होती, मोटारसायकलींची रांग धुरळा उडवत चालली होती. ताईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "ज्योती, एक सांगू का?"

राग होता, तरी मी म्हटलं, "सांगा."

"मी लहान होती तवा मोहल्ल्यात आमच्या एकल्याच घरी फोन होता. सारे लोक आमचाच नंबर देत, पुढं पी.पी. लिहून. कोनाचा फोन आला की त्याले बोलवायले मीच धावत जावं. शेजारी एक सून होती. तिच्या भावाचा फोन आला, तिले शाळेत मास्तरीणबाईची नोकरी लागली म्हने. हे तिलेच सांग, तिच्या कानात सांग, असं बजावलं त्यानं मले. मी खुशीत धावत गेली अन् फाटकातूनच बोंबलली, वहिनी, तुमाले नोकरी लागली. अंगणात तिचा सासरा बसून होता, दीर होते. तिनं घरी सांगितलंच नव्हतं वं. ते दारात आली, माह्याकडे पाह्यलं अन् आत गेली. तिले जाऊ देलं नाही. मंग ते जन्मभर त्याच घरात राहिली." ताई थोडा वेळ मोटारसायकलींकडे बघत होत्या. "मले ते कधी काही म्हणाली नाही. दिसली की हसायची. बातमी चांगलीच होती. पन तिची होती."

मग त्या म्हणाल्या, "लॅब तुही आहे. तू म्हटलं तर मी उद्यापासून येत नाही. साहेबाले त्याच्या मनासारखं करून दे. मले राग नाही येणार."

आणि खरंच, त्यांना राग आला नसता. तेच तर अवघड होतं. एखादीनं बजावलं असतं, तर मी भांडून माझंच खरं केलं असतं. ताईंनी मला विचारलं. मी म्हटलं, "चहा प्या, ताई, गार होतोय." दुसऱ्या दिवशी साहेबांना मी स्वतः कळवलं की आमची अट तीच आहे, काम द्या अगर नका देऊ. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या पहाटे गुलाबसुद्धा आला नाही, आणि मला तो नाही म्हटलं तरी चुकल्यासारखा वाटला.

कळमेश्वरच्या मुलींना मी महिनाअखेरीचं सांगून आले. एकीनं रडू गिळलं आणि दुसरीनं मलाच पाणी दिलं. परत येऊन मी लॅबमध्ये पाय टेकवते तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून पुणेरी आवाज आला, "नमस्कार. आपल्याला आता बोलायला वेळ आहे का?" मला आधी वाटलं, कुणी ताईंची नक्कल करतंय. साहेबच होते. ते म्हणाले, आमच्या कायदेवाल्यांना विचारलं, ते तुमच्या मॅडमसारखंच बोलले. मग जरा अडखळून म्हणाले, "त्या दिवशी मी आमच्या ग्रुपवरचे जुने रिपोर्ट वर सरकवून बघितले. एका मुलाच्या रिपोर्टखाली लोकांनी नको ती चेष्टा केलीय. तो मुलगा नंतर काम सोडून गेला. मी तो ग्रुप रोज उघडत होतो हो, पण ते कधी वाचलंच नव्हतं." काम आम्हाला मिळालं, ताईंच्या अटीवर. ग्रुपवर फक्त बसच्या वेळा राहिल्या. मी फोन ठेवला आणि शुभांगीला मिठी मारली. आमच्या घरातल्या बाईनं एक कारखाना सरळ केला होता. मी तो दिवस पाहिलाय, आणि अजून सांगताना माझी मान ताठ होते.

कारखान्यातल्या तपासणीला ताई स्वतः टेबल टाकून बसल्या. एकेक माणूस यायचा आणि ताई विचारायच्या, "भाऊ, रिपोर्ट कोनाच्या फोनवर पाठवू?" पहिला म्हणाला, "माह्यापाशी फोनच नाही, बायकोले पाठवा. मले वाचता तरी कुठं येते." दुसऱ्यानं इकडे-तिकडे बघून हळूच सांगितलं, "बायकोले सोडून कोनालेबी पाठवा. शुगर निघाली तर ते चहा बंद करन, अन् चहा बंद झाला तर मी तंबाखूच्या खर्ऱ्यावर जाईन." ताईंनी गंभीरपणे मान हलवली. एकानं सासूचा नंबर दिला. ताईंनी विचारलं, सासू कशी काय? तर म्हणाला, "माय-बाप गेले. सासूच विचारते मले, जेवला का म्हणून." ताईंनी तो नंबर दोनदा वाचून घेतला. दुपारपर्यंत रांगेतले लोक आपसात चर्चा करायला लागले की आपण कुणाचा नंबर द्यायचा. रक्त द्यायला घाबरत नव्हते तेवढे या प्रश्नाला घाबरत होते. पण उत्तर देऊन उठताना एकेकाचा चेहरा असा व्हायचा, की याला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारलंय.

शेवटची बस गेली, आम्ही सामान आवरत होतो. ताईंनी बाही वर केली आणि म्हणाल्या, "ज्योती, माहंबी घे. मले थकल्यासारखं वाटून राहिलं." मी दंडाला पट्टा बांधला. हात किती बारीक झालाय, हे मला तेव्हा दिसलं. रक्त घेतलं, कापूस दाबला आणि दिवसभर ऐकलेला प्रश्न माझ्याही तोंडून निघून गेला. "रिपोर्ट कुणाच्या फोनवर पाठवू?"

दिवसभर सगळ्यांना विचारणाऱ्या ताईंनी आधी बाही खाली ओढली. मग म्हणाल्या, "तुह्या."

"ताई, नातेवाइकाचा रिपोर्ट नातेवाइकानं उघडायचा नाही. तुमचाच नियम."

"नियम माहाच आहे. रक्तबी माहं आहे, अन् संमतीबी माही आहे. तूच उघड वं."

मी उघडला. किडन्या थकल्या आहेत. औषधं चालू आहेत, मीठ जवळपास बंद, पाणी मोजून. त्या अजून एकट्याच राहतात, आमच्याकडे या म्हटलं की विचार करून सांगते म्हणतात. कळमेश्वर चालू आहे, दोघी मुली तिथेच आहेत, आणि हल्ली तिकडच्या बाया म्हणे चौकातली लॅब सोडून मुद्दाम आमच्याकडे येतात.

हे सगळं लिहायच्या आधी मी ताईंना विचारलं, अर्थातच. त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाल्या, लिही, पन मले वाचून दाखव. काल फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिलाच परिच्छेद संपला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता धाप लागली, मग थांबल्या.

"ज्योती," त्या म्हणाल्या, "त्या पोळीचं आता सांगू का वं?"

मी म्हटलं, "सांगा, ताई."

"आईच्या हातची होती तशीच झाली होती. आई गेल्यावर तशी पोळी मी पहिल्यांदाच खाल्ली. तेवढंच म्हनायचं होतं मले."

इतकी वर्षं ते वाक्य माझ्या एका 'नका बोलू'मागे थांबून राहिलं होतं. मी फोन कानाला धरून तशीच ओट्यापाशी उभी होते. पलीकडून ताईंचा आवाज आला, "आहे का वं तू? वेळ नसन तर ठेवते मी."

"ठेवू नका, ताई," मी म्हटलं. "वेळ आहे. बोला."